दुसरं ग्राफिक्स कार्ड: वापरलेल्या ३०९०च्या जोडीची पारख

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात तासभर थांबलं की हा प्रश्न एकदा तरी कानावर पडतोच: "दादा, हाय त्यातच अजून एक कार्ड टाकलं तर डबल हुईल न्हवं?" काउंटरमागच्या माणसाला नुसता माल खपवायचा असेल तर तो "हुतंय की" म्हणून मोकळा होतो. जाणकार असेल तर उलट विचारतो, "काम काय करताय?" सगळा निकाल त्या उलट्या प्रश्नात आहे.

इथं पारख केली आहे ती एनव्हिडियाच्या वापरलेल्या दोन आरटीएक्स ३०९० कार्डांची, मध्ये दोघांना थेट जोडणारा एनव्हीलिंकचा पूल घालून. हेच मॉडेल निवडण्याचं कारण साधं आहे. २०२०च्या ३० मालिकेत पुलाची खाच फक्त ३०९०ला आणि नंतर आलेल्या ३०९० टीआयला मिळाली. २०२२ला ४०९० आलं ते खाचेविनाच. म्हणजे घरगुती कार्डांत जोडीचा संसार करणारी ही शेवटची पिढी, आणि त्यामुळेच वापरलेल्या बाजारात तिला अजून मागणी आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. गेमसाठी ही जोडी घेऊ नका. रेंडरिंगसाठी, म्हणजे थ्रीडी सीनची तयार चित्रं काढायला, विचार करून घ्या. भाषेची मोठी मॉडेलं स्वतःच्या मशीनवर चालवायची असतील तर घ्या, पण पुढं दिलेली वीज, जागा आणि उष्णतेची गणितं आधी सोडवा.

गेमसाठी नको असं ठामपणे का म्हणायचं, ते समजायला जरा मागं जावं लागतं. १९९८ला थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू २ आलं. दोन कार्डं दोन पीसीआय स्लॉटमध्ये बसवायची आणि आतून एका चपट्या केबलनं जोडायची. चित्राच्या एकाआड एक ओळी दोघांनी वाटून घ्यायच्या. त्याला स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, म्हणजे एसएलआय म्हणत. एका कार्डावर ८०० गुणिले ६०० पर्यंतच जाता यायचं, जोडीवर १०२४ गुणिले ७६८ मिळायचं. वाटणी इतकी सोपी होती, कारण त्रिकोण कुठं पडणार याचं गणित तेव्हा प्रोसेसर करायचा आणि कार्डाकडं फक्त रंग भरायचं काम असायचं. रंग भरणारे दोन असले की भिंत निम्म्या वेळात होते. तरी एक मेख तेव्हाही होती. १२ एमबीच्या दोन कार्डांचे २४ होत नसत. प्रत्येक कार्डावर टेक्श्चरची (वस्तूंवर चढवायच्या चित्रांची) तीच ८ एमबी पुन्हा ठेवावी लागायची. आजही दुकानात "२४ आणि २४, झाले ४८" असं बिनदिक्कत सांगितलं जातं, त्या गैरसमजाचं मूळ इतकं जुनं आहे.

पुढं हे गणितही कार्डावर आलं आणि ओळी वाटण्यातला फायदा आटला, कारण रंग अर्धा भरायचा असला तरी भूमिती दोन्ही कार्डांना पूर्ण सोडवावी लागे. शिवाय ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी नावाचा नवा स्लॉट आला, तो बोर्डावर एकच. मग कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन चिप बसवल्या. एटीआयचं रेज फ्युरी मॅक्स १९९९चं, थ्रीडीएफएक्सचं वूडू ५ ५५०० त्याच्या पुढच्या वर्षीचं. रेज फ्युरी मॅक्समध्ये ओळींऐवजी पूर्ण फ्रेम वाटली जायची. एक फ्रेम या चिपची, पुढची त्या चिपची. दोन्ही चिप एकत्र चालवणारा ड्रायव्हर विंडोज २०००साठी कधी मिळालाच नाही, ती गोष्ट वेगळी. २००० संपता संपता थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानं घ्यायचं ठरलं, आणि २००४ला पीसीआय एक्सप्रेस हा नवा स्लॉट आल्यावर एसएलआय हे नाव पुन्हा दुकानात दिसलं. अक्षरं तीच, अर्थ मात्र बदललेला: स्केलेबल लिंक इंटरफेस. २००५ला एटीआयनं जोडीचा स्वतःचा प्रकार, क्रॉसफायर, काढला. त्यात सुरुवातीला एक खास 'मास्टर' कार्ड लागायचं आणि दोन्ही कार्डं कॅबिनेटच्या मागून बाहेरच्या केबलनं जोडायची. ती केबल हरवली की जोडी मोडली.

या सगळ्या काळात खरा भरवसा होता तो एकाआड एक फ्रेम वाटण्यावर. इथंच दुखणं सुरू झालं. आपल्याकडच्या गुऱ्हाळाचं बघा. दोन काहिली पेटवल्या तर दिवसाचा गूळ दुप्पट निघतो, पण एका काहिलीतला रस काही निम्म्या वेळात आटत नाही. दोन कार्डं प्रत्येकी सेकंदाला ३० फ्रेम काढत असतील तर पडद्यावर ६० दिसतात, पण प्रत्येक फ्रेम तयार व्हायला ३३ मिलिसेकंद लागतातच. माउस हलवल्यावर हाताला जाणवतात ते हे ३३.

दुसरं दुखणं फ्रेमच्या अंतराचं. ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम यायला हवी. जोडीत ती एकदा ८ नं येते आणि पुढची २५ नं. सरासरी तीच राहते, आकडा ६०च दाखवतो, पण डोळ्याला ४० फ्रेमचा गेम दिसतो. याला मायक्रोस्टटर म्हणतात. २०१३ला फ्रेमची अंतरं नीट मोजायची साधनं हाताशी आल्यावर ही लबाडी सगळ्यांना दिसली, आणि त्याच वर्षी एएमडीला (एटीआय तोवर तिनंच विकत घेतली होती) फ्रेमची चाल सुधारणारा ड्रायव्हर काढावा लागला.

तिसरं कारण मात्र जीवघेणं ठरलं. आताचे गेम कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेमचा हिशेब वापरतात. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डावर असेल तर ती इकडं येईपर्यंत हे कार्ड हात बांधून बसतं. काम वाटण्याजोगंच राहिलं नाही. २०१६ला १० मालिकेत एनव्हिडियानं तीन-चार कार्डांचा नाद सोडून दोनवर भर दिला, १०६० वरून तर पुलाची खाचच काढली, आणि २०२१पासून एसएलआयची नवी ड्रायव्हर प्रोफाइल (त्या त्या गेमला जोडीवर चालवणारी सेटिंग) देणं थांबवलं. ३०९०ची जोडी फक्त अशाच गेममध्ये चालते ज्यांच्या निर्मात्यांनी स्वतः डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालींमध्ये सोय लिहिली आहे. 'शॅडो ऑफ द टूम रेडर', 'स्ट्रेंज ब्रिगेड', 'रेड डेड रिडेम्प्शन २' अशी बोटांवर मोजण्याइतकी नावं. तेवढ्यासाठी ७०० वॅट जाळणं म्हणजे हौसेला मोल नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आता कामाकडं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ही जोडी मनापासून राबते. त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन एकाच फ्रेमचे तुकडे दोन्ही कार्डांना देतं, त्यासाठी पूल लागत नाही. पूल लागतो तो मेमरी जोडायला. पुलाविना दोन्ही कार्डांवर पूर्ण सीन जातो, म्हणजे २४ जीबीत मावेल तेवढाच सीन घेता येतो. ब्लेंडर २.९०पासून प्रेफरन्समध्ये मेमरी कार्डांत वाटण्याचा पर्याय आहे. पूल बसवून तो चालू केला की एका कार्डाला दुसऱ्याच्या मेमरीतलं वाचता येतं. विंडोजवर त्याआधी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये एसएलआय चालू करावं लागतं, नाहीतर पूल बसलेला असूनही सॉफ्टवेअरला दिसत नाही. "पूल खराब निघाला" म्हणून परत जाणारे निम्मे पूल या एका टिकमार्कपायी जात असतील.

ॲनिमेशन असेल तर त्याहून चांगला मार्ग आहे. ब्लेंडरच्या दोन प्रती उघडायच्या, एकेकीला एकेक कार्ड द्यायचं, आउटपुटच्या पॅनेलमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू करायचं. पहिली प्रत फ्रेम १ घेते आणि त्या नावाची रिकामी फाइल टाकून ठेवते. दुसरी ती फाइल बघून फ्रेम २ उचलते. मध्येच एक प्रत कोसळली तरी दुसरी रात्रभर चालू राहते. गेममध्ये जी वाटणी फसली तीच इथं चोख चालते, कारण रेंडरची एक फ्रेम दुसरीवर अवलंबून नसते आणि समोर माउस धरून कोणी बसलेलं नसतं. अट एकच, प्रत्येक प्रत सीन स्वतंत्रपणे रॅममध्ये उचलते, म्हणून रॅम ६४ जीबी धरा. कोसळलेल्या प्रतीची शून्य बाइटची फाइल सकाळी आठवणीनं पुसायची, नाहीतर ती फ्रेम कायमची राहून जाते.

तरीही नुसत्या रेंडरसाठी घेणाऱ्यानं एक गोष्ट तोलून बघावी. ब्लेंडरमध्ये एकटं ४०९० साधारण दोन ३०९० इतकं काम काढतं, तेही ४५० वॅटमध्ये. गुजरीतल्या दागिन्यांच्या कॅडचं किंवा बंगल्याच्या वॉकथ्रूचं काम २४ जीबीत आरामात बसतं. त्यांनी जोडीच्या वाटेला जायचं काही कारण नाही.

जोडी खरी शोभते ती भाषेच्या मॉडेलांना. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये दाबलं की ४० जीबीच्या आसपास होतं. २४ मध्ये मावत नाही, ४८ मध्ये मावतं आणि संभाषणाच्या संदर्भाला थोडी जागाही उरते. लामा.सीपीपी या मॉडेल चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचे थर वाटले जातात. ८० थरांचं मॉडेल असेल तर पहिले ४० एका कार्डावर, उरलेले दुसऱ्यावर. प्रत्येक शब्द आधी पहिल्या कार्डातून, मग दुसऱ्यातून जातो. म्हणजे एक राबत असताना दुसरं रिकामं. त्यामुळे वेग दुप्पट होत नाही, जागा दुप्पट होते. कार्डांमधून जाणारा माल किरकोळ असतो, त्यामुळे इथं पुलावर पैसे घालायची गरज नाही. व्हीएलएलएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थरच दोघांत चिरला तर दोन्ही कार्डं एकदम राबतात, मात्र प्रत्येक थरानंतर हिशेब जुळवावा लागतो. तिथं पूल उपयोगी पडतो. त्याचा वेग दोन्ही दिशा धरून ११२.५ जीबी प्रतिसेकंद. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या आठ लेन (माल वाहणाऱ्या वाटा) एका दिशेला १६ जीबीच्या आसपास देतात. फरक त्यावरून ओळखा.

पूल विकत घेताना पट्टी घेऊन जा. ४ स्लॉटचा पूल म्हणजे दोन कार्डांच्या मध्यांमध्ये सुमारे ८० मिलिमीटर, ३ स्लॉटचा म्हणजे ६०. २० मालिकेचा पूल ३०९०ला बसत नाही, खाच वेगळी आहे. आरटीएक्स ए६०००चा चालतो. दोन्ही कार्डं शक्यतो एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची घ्या. वेगवेगळ्या मॉडेलांत पीसीबीची (कार्डाच्या सर्किट बोर्डाची) उंची वेगळी असते, मग खाचा एका रेषेत येत नाहीत आणि पूल तिरका बसतो. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

मदरबोर्ड हा सगळ्यात फसवा भाग. साध्या प्रोसेसरकडं ग्राफिक्ससाठी १६ लेन असतात. त्या दोन स्लॉटना ८ आणि ८ वाटणारे बोर्ड थोडे. एएमडीच्या बी५५० चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला पूर्ण, आतून चिपसेटमार्फत जुन्या ३.० पिढीच्या चारच लेनचा. रेंडरला चालून जातं, कारण सीन एकदाच चढतो. थर चिरायच्या कामाला चालत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत ८/८ असं स्पष्ट छापलेलं असेल तरच घ्या. एसस प्रोआर्ट एक्स६७०ई-क्रिएटरवर ते आहे. दोन स्लॉटमध्ये किती जागा आहे तेही मोजा. तीन स्लॉट जाडीची कार्डं तीन स्लॉटच्या अंतरावर बसवली की वरच्या कार्डाच्या पंख्याला खालच्याची पाठ चिकटते. पंखा फिरत राहतो, हवा मात्र मिळत नाही.

बसवल्यावर बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू करा. नाहीतर कधी कधी दुसरं कार्ड दिसतच नाही. रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब ठेवायची केबल) वापरणार असाल आणि ती जुनी, ३.० ची असेल तर बायोसमध्ये स्लॉट ३.० वर बांधा. आपोआपवर ठेवलं की काळा पडदा किंवा मध्येच मशीन गोठणं नशिबी येतं. एक कार्ड दीड ते सव्वादोन किलोचं असतं, स्लॉटवर लटकत ठेवू नका. तयार आधार आवडले नाहीत तर उद्यमनगरात पत्रा कापून वाकवून देणाऱ्यांची कमी नाही. २ मिलिमीटरचा पत्रा, माप नेमकं, आणि कार्डाला टेकतो तिथं रबर. सुटा पत्रा पीसीबीला लागला तर शॉर्ट होईल.

वीज. दोन कार्डं ३५० वॅटची, म्हणजे ७००. प्रोसेसर आणि बाकीचं धरून हजाराच्या घरात. ३०९० क्षणभर याहून बरंच जास्त ओढतं, त्या झटक्यानं कमकुवत एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बंद पडतो आणि लोक कार्डाला नावं ठेवतात. १२०० ते १६०० वॅटचा चांगला एसएमपीएस लावा. कार्डावरच्या प्रत्येक ८ पिनच्या सॉकेटला स्वतंत्र केबल द्या. एका केबलला फुटलेली दोन टोकं दोन सॉकेटना लावायची सवय मोडा. ८ पिनचं माप १५० वॅटचं आहे, वितळलेले कनेक्टर अशाच दुहेरी केबलींवर सापडतात.

दोन्ही कार्डांना एनव्हिडिया-एसएमआय या ड्रायव्हरसोबतच्या कमांडमधून २५० ते २८० वॅटची मर्यादा घाला. कामाचा वेग थोडा उतरतो, उष्णता आणि आवाज बराच उतरतो. मशीन रीस्टार्ट केलं की ही मर्यादा पुसली जाते, म्हणून ती सुरुवातीलाच आपोआप लागेल अशी व्यवस्था करा. पूर्ण ताकदीनं चालवलंत तर भिंतीतून ११०० वॅटच्या आसपास, म्हणजे पावणेपाच-पाच अँपिअर जातात. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तासन्‌तास हे काढू नका. १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळी लाइन, आणि त्या लाइनवर एसी नको. पेठांतल्या जुन्या घरांत आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस रेंडर सुरू होताच बसतो. २ केव्हीएच्या खाली बघूच नका. एवढ्या भारावर तासाला एक युनिट जातंच. रोज आठ तास रेंडर चालवला तर महिन्याला २४०च्या पुढं, आणि मे महिन्यात खोलीत हीटर लावल्यासारखं वाटेल ते वेगळं.

वापरलेलं ३०९० घेताना पाठ तपासा. २४ मेमरी चिपपैकी १२ कार्डाच्या मागल्या बाजूला आहेत आणि तिथं पंखा नाही. क्रिप्टोच्या खाणकामात वर्षानुवर्षं चाललेल्या कार्डाचे थर्मल पॅड वाळून तेल सोडलेले असतात. दुकानातच अर्धा तास मेमरीवर भार टाका आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी जंक्शनचं तापमान बघा. ११० अंशांना कार्ड स्वतःला आवरतं. शंभराच्या पुढं जात असेल तर पॅड बदलायचा खर्च भावातून वजा करा. पॅड बदलताना जाडी त्या मॉडेलची नेमकी हवी. जरा जाड बसला की मेमरी थंड होते, पण कूलर मुख्य चिपवरून उचलला जातो आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान, वर चढतो. ३०९० टीआयमध्ये सगळ्या चिप पुढच्या बाजूला असल्यानं हे दुखणं नाही, पण ते ४५० वॅटचं आहे. जोडी करायला नको.

लेनचा आकडा जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भार चालू असतानाच वाचा. रिकाम्या कार्डाची पीसीआय पिढी वीज वाचवायला १.१ वर उतरते, ते बघून घाबरलेली गिऱ्हाइकं दुकानात नेहमी दिसतात. पुलासाठी एनव्हिडिया-एसएमआयला एनव्हीलिंकची स्थिती विचारा. प्रत्येक कार्डाला चार लिंक आणि प्रत्येकीपुढं १४.०६२ जीबी प्रतिसेकंद दिसलं की पूल नीट बसला. तीनच दिसल्या तर पूल काढून खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची आणि पुन्हा बसवायचा. पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि धुळीत वर्ष काढलेल्या खाचांना एवढी सफाई बहुधा पुरते.

एवढा पसारा नको असेल तर १२ जीबीच्या दोन ३०६० लावता येतात. प्रत्येकी १७० वॅट, पुलाची सोय नाही, ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो आणि भाषेच्या मॉडेलला २४ जीबी मिळतात. मेमरी त्याहून जास्त हवी तर १६ जीबीची ४०६० टीआय दोन, प्रत्येकी १६५ वॅटची. ती मुळातच आठ लेनची आहे, त्यामुळे ८/८ बोर्डावर तिचं काहीच जात नाही. दोन्हीकडं मेमरीचा वेग ३०९०पेक्षा बराच कमी, म्हणजे शब्द सावकाश येणार.

गेमवाल्यांना जुनं कार्ड विकवत नसेल तर त्यालाही अलीकडं एक काम मिळालं आहे. लॉसलेस स्केलिंग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य कार्ड गेमच्या खऱ्या फ्रेम काढतं आणि मधल्या बनावट फ्रेम दुसऱ्या कार्डाला करायला देता येतात. एक एनव्हिडियाचं आणि एक एएमडीचं असलं तरी चालतं. मॉनिटरची केबल मात्र दुसऱ्या कार्डाला लावायची. पहिल्याला लावली तर तयार फ्रेम परत उलटी ओढावी लागते आणि मिळालेलं सगळं त्यातच जातं.